दोन्ही वेळा मीटर १.२: सोलापुरातल्या एका वर्टिकल अँटेनाच्या रेडियल तारांचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण जुळे सोलापुरातल्या एका घराच्या परसातलं आहे. घर माझ्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांचं. त्यांच्या परवानगीनं लिहितोय, आणि त्यांची ओळख पटेल असं काही यात ठेवलेलं नाही. मी स्वतः बरीच वर्षं हॅम रेडिओवर, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनात आहे. सरांनी परवाना काढला तो निवृत्तीनंतर.

परवाना काढण्यामागं त्यांचं एक ठाम कारण होतं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा सर उमरगा भागात नोकरीला होते. फोन बंद पडले की गावं कशी तुटतात ते त्यांनी जवळून पाहिलं. "आपल्या घरातून, कुणाच्या तारेवर अवलंबून न राहता, बाहेर बोलता आलं पाहिजे," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकलंय. ते मी तेव्हाच नीट ऐकायला हवं होतं. का, ते पुढं येईल.

प्लॉट ४० बाय ६० फुटांचा. घरामागं साधारण २० फूट खोल परस. तिथं तुळशी वृंदावन, कढीपत्ता, शेवग्याचं एक झाड आणि ड्रेनेजचा चेंबर. जमीन काळी, पावसात चिकट आणि उन्हाळ्यात दगडासारखी. फूट-दीड फुटाखाली मुरूम लागतो. सरांनी ७ मेगाहर्ट्झसाठी पाव तरंगलांबीचा वर्टिकल, म्हणजे उभ्या नळीचा अँटेना, घरीच बनवला होता: एकात एक सरकणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या आणि खाली लेथवर करून घेतलेला नायलॉनचा बुंधा. उंचीचा हिशोब त्यांनी बिनचूक केला होता. ७१.३ ला ७.१ नं भागलं की १०.०४ मीटर. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात, अँटेना उभा राहिला. चारी बाजूंनी नायलॉन दोरीचे ताण दिले होते.

अँटेनाच्या दुसऱ्या अर्ध्या भागासाठी, म्हणजे जमिनीसाठी, त्यांनी ओळखीच्या वायरमनला बोलावलं. त्यानं खड्डा घेऊन जीआय पाइप गाडला, भोवती कोळसा-मीठ भरलं, अर्थ टेस्टर लावून २ ओहम दाखवले आणि म्हणाला, "सर, अर्थिंग एक नंबर झालीय ओ." त्यानं त्याचं काम चोख केलं होतं. घरच्या विजेसाठी ती अर्थिंग खरोखर उत्तम आहे. कोॲक्सची, म्हणजे रेडिओपासून अँटेनाला जाणाऱ्या केबलची, बाहेरची जाळी त्या पाइपला जोडली आणि केबल परसातून जमिनीवरून २२ मीटर फिरवून खोलीत नेली. रेडियल, म्हणजे पायथ्यापासून चारी बाजूंना पसरायची तार, एकही नव्हती.

अडचण

मीटरवर एसडब्ल्यूआर १.२ आला. केबल आणि अँटेना एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा हा आकडा, १ म्हणजे पूर्ण जुळणी. सर खूश, मीही फोनवरून अभिनंदन केलं. आमच्यात अँटेना लावला की पहिला प्रश्न हाच असतो, एसडब्ल्यूआर किती, आणि उत्तर १.५ च्या आत असलं की विषय संपतो.

पुढच्या सहा आठवड्यांत सरांचा उत्साह ओसरला. सकाळच्या नेटवर, म्हणजे ठरल्या वेळी सगळे बोलायला जमतात तिथं, पुण्याचे, हैदराबादचे लोक त्यांना ऐकू येत, पण त्यांना उत्तर मिळे ते "तीन-तीन, ओएम, पुन्हा सांगा" असं. तीन-तीन म्हणजे कष्टानं समजणारा, अशक्त सिग्नल, आणि ओएम म्हणजे मित्रा. कधी तेही नाही. ऐकताना सतत, सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरवर, एस-७ चा खरखराट. बोलताना मायक्रोफोन ओठाला लागला की चटका बसे आणि कॉम्प्युटरचा माउस गोठे. सरांनी रेडिओच बिघडला असं धरून तो दुरुस्तीला पाठवला. तिथून "काही दोष नाही" म्हणून परत आला. यात तीन आठवडे आणि कुरिअरचे पैसे गेले.

फेब्रुवारीअखेर मी नॅनोव्हीएनए, म्हणजे अँटेनाचा रोध मोजणारा छोटा मीटर, घेऊन गेलो. मीटर खोलीत न लावता थेट अँटेनाच्या पायथ्याशी लावला. रेझोनन्सवर, म्हणजे अँटेना ज्या वारंवारतेला जुळतो तिथं, रोध ६१ ओहम. ५० च्या केबलला ६१ म्हणजे एसडब्ल्यूआर १.२२. सरांचा मीटर खरं बोलत होता.

खटकलं ते ६१ या आकड्यानं. आदर्श जमिनीवर पाव तरंगलांबीच्या वर्टिकलचा रोध ३६ ओहमच्या आसपास यायला हवा. त्याच्या वर जे काही दिसतं ते ढोबळ मानानं जमिनीत जळणारं. त्यातून मायक्रोफोनचा चटका सांगत होता की केबलच्या जाळीवरून रेडिओचा प्रवाह घरात येतोय. म्हणजे जमिनीवर पडलेली ती २२ मीटर केबल स्वतःच एकुलती एक रेडियल तार झाली होती. ६१ मध्ये तिचाही वाटा होता.

खात्रीसाठी मोठ्या फेराइट रिंगवर कोॲक्सचे ११ वेढे घेऊन चोक केला आणि पायथ्याशी लावला. जाळीवरून घरात येणारा प्रवाह अडला, चटका थांबला आणि ऐकतानाचा खरखराट एस-७ वरून एस-५ वर उतरला. घरातल्या एलईडी दिव्यांचा, इन्व्हर्टरचा आवाज त्याच वाटेनं अँटेनात शिरत होता.

पण रोध झाला ८४ आणि एसडब्ल्यूआर जवळपास १.७. सर म्हणाले, "अरे, तू तर बिघडवलंस."

बिघडवलं नव्हतं, पण त्या क्षणी हे पटवणं सोपं नव्हतं. ३६ भागिले ८४ म्हणजे ४३ टक्के. रेडिओतून १०० वॅट निघाले तर पायथ्याशी पोचलेल्यातले निम्म्याहून जास्त काळी माती तापवण्यात जात होते.

२ ओहमची अर्थिंग असताना असं का?

हा प्रश्न सरांनी लगेच विचारला आणि तो अगदी रास्त होता. अर्थ टेस्टर मोजतो तो अगदी कमी वारंवारतेचा रोध. ७ मेगाहर्ट्झचा प्रवाह पाइपमधून खोल उतरत नाही. वर्टिकलच्या नळीभोवती जे विद्युतक्षेत्र पसरतं, ते चारी बाजूंच्या जमिनीवर उतरतं आणि तिथून प्रवाह जमिनीच्या वरच्या थरातून परत पायथ्याकडं येतो. एका खड्ड्यातून तो येत नाही, सगळ्या अंगणातून येतो. पायथ्याजवळ हा परतीचा प्रवाह सगळ्यात दाट असतो आणि नुकसानही तिथंच सगळ्यात जास्त. मातीऐवजी त्याला तांब्याची वाट दिली की नुकसान घटतं. रेडियल तारांचं एवढंच काम. त्यांनी "अर्थ" व्हायचं नसतं, मातीला वळसा द्यायचा असतो.

हे नवं नाही. १९३७ मध्ये आरसीए या रेडिओ कंपनीच्या ब्राउन, लुईस आणि एपस्टाइन यांनी ३ मेगाहर्ट्झवर तारांची संख्या ११३ पर्यंत वाढवत नेऊन मोजमापं प्रसिद्ध केली. अमेरिकेतल्या मीडियम वेव्ह केंद्रांचा १२० तारांचा शिरस्ता त्याच कामावर उभा आहे. आपल्याला १२० लागत नाहीत, पण शून्यावरही भागत नाही.

अर्थिंगचा पाइप आम्ही काढला नाही, काढायचाही नसतो. वळवाच्या पावसात वीज कडाडते तेव्हा तोच लागतो. रेडियलचा जोड आणि तो पाइप एकमेकांना जाड तारेनं बांधले, एवढंच.

पर्याय

सरांच्या मनात पहिला आला तो ट्यूनर, किंवा थोडा मोठा अ‍ॅम्प्लिफायर. ट्यूनर रेडिओला ५० ओहम दाखवतो, पण माती जेवढं खाते तेवढं खातच राहते. अ‍ॅम्प्लिफायरनं ऐकणं सुधारत नाही. हा पर्याय पाच मिनिटांत बाजूला पडला.

दुसरा होता अँटेना गच्चीवर नेऊन उंचावर चार रेडियल द्यायचे. हा पर्याय कागदावर फार चांगला आहे. जमिनीपासून उचललेल्या चार तारा जमिनीवरच्या डझनभर तारांचं काम करतात. पण त्या तारा नेमक्या पाव तरंगलांबीच्या, म्हणजे प्रत्येकी सुमारे १० मीटर असाव्या लागतात आणि त्यांच्या टोकांना बोलताना मोठा व्होल्टेज असतो. सरांची गच्ची ३० बाय ३५ फूट. वर पाण्याची टाकी, सोलर हीटर आणि उन्हाळ्यात काकूंची कुरडया-पापडांची वाळवणं. तिथं उघड्या तारेला कुणाचा हात लागला असता. काकूंना विचारलं, त्यांनी स्पष्ट नाही म्हटलं, आणि त्यांचं बरोबर होतं.

कोंबड्यांची जाळी अंथरायचा विचारही झाला. जाळी स्वस्त, पण आमच्या काळ्या, खारवट मातीत जस्त उतरतं, पीळ गंजतात आणि गंजलेला प्रत्येक सांधा नवा रोध बनतो. अ‍ॅल्युमिनियमची तार क्षारयुक्त मातीत टिकत नाही. बांधकामाची बाइंडिंग तार एक-दोन पावसाळ्यांत सुटते. राहिलं तांबं.

आणखी एक पर्याय होता: वर्टिकल सोडून द्यायचा आणि इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे मधे उंच आणि दोन्ही पाय खाली उतरलेला तारेचा अँटेना, टांगायचा. तो मी त्या दिवशी नुसता उल्लेखून सोडला. या प्रकरणातला माझा सगळ्यात मोठा चुकलेला निर्णय तो. सरांना वर्टिकल स्वतःच्या हातानं बनवल्याचा अभिमान होता, मला रेडियलचा प्रयोग करायची हौस होती, आणि आम्ही दोघंही त्याच दिशेनं निघालो.

पहिला टप्पा: आठ तारा

तांबं कुठून आणायचं हा प्रश्न सोलापुरात पडत नाही. यंत्रमागाच्या मोटारी जळतात, त्यामुळं रिवाइंडिंगची दुकानं भरपूर. तिथं वाइंडिंगची इनॅमलची तार किलोवर मिळते. २२ गेजची तार मीटरला साडेतीन ग्रॅम भरते, म्हणजे एका किलोत सुमारे २८० मीटर. तारेवर इनॅमल असलं तरी जमिनीवरच्या रेडियलला काही फरक पडत नाही, उलट तांबं टिकतं. फक्त जोडाच्या टोकाला ते खरवडून काढावं लागतं. सरांनी एक किलो आणली.

वाइंडिंगची तार सोडवणं हे मात्र वाटतं तेवढं सोपं नाही. मी बॉबिन जमिनीवर उभी ठेवून वरून तार ओढली. दोन मीटरवर पहिली गाठ, चारवर दुसरी, आणि गाठ ताणली की तिथंच तार मोडायची. शेजारचे अण्णा कुंपणावरून बघत होते. आयुष्य मागावर गेलेला माणूस. ते आत आले, काही न बोलता बॉबिनच्या भोकात एक लोखंडी सळई घातली, सळईची दोन टोकं दोन विटांवर ठेवली आणि तार बाजूनं ओढली. बॉबिन फिरत राहिली, तार सरळ येत राहिली. "वरून काढलं की पीळ पडतो. सुताला चालतं, तांब्याला नाही चालत," ते म्हणाले. त्या दिवसानंतर एकही गाठ पडली नाही. सगळ्या तारा त्यांनीच सोडवल्या, डाव्या हाताच्या बोटांतून सारख्या ताणानं.

फेब्रुवारीत जमीन कडक होती, खणणं अवघड. म्हणून पहिल्या आठ तारा वरवर अंथरल्या. सायकलच्या दुकानातून जुने स्पोक आणले, पकडीनं वाकवून यू आकाराच्या पिना केल्या आणि हातोडीनं ठोकल्या. तारा सारख्या लांबीच्या बसणं शक्यच नव्हतं. भिंतीकडं २ मीटर, चेंबरला वळसा घालून ५, लांबच्या कोपऱ्यात ८. जमिनीवरच्या तारांना नेमकी लांबी लागत नाही. माती त्यांचा रेझोनन्स मारूनच टाकते. उलट तारा मोजक्याच असतील तर जमिनीवर पूर्ण पाव तरंगलांबीच्या तारा कधी कधी लांबच ठरतात. आमच्यासारख्या जागेत तेवढंच तांबं थोड्या लांब तारांपेक्षा जास्त आखूड तारांत घालणं फायद्याचं.

पायथ्याशी सगळ्या तारा गोळा करायला इलेक्ट्रिकच्या दुकानातली पितळी न्यूट्रल लिंक वापरली. प्रत्येक टोक खरवडून, थिंबलमध्ये दाबून वर सोल्डर केलं.

चार तारांवर रोध ६२ झाला, आठवर ५३. एसडब्ल्यूआर १.०६.

थांबायचा निर्णय

इथं सर म्हणाले, "झालं की. आता एकाला एक आलं. आणखी कशाला?"

मी म्हटलं, आणखी तारांनी रोध ५० च्या खाली जाईल, एसडब्ल्यूआर वाढेल, पण सिग्नल वाढेल. सरांनी माझ्याकडं पाहिलं ते शाळेत चुकीचं उत्तर दिल्यावर पाहायचे तसं. "एसडब्ल्यूआर वाढवायला पैसे खर्च करायचे?" मी कागदावर ३६ चं गणित मांडलं. ते गणित त्यांना समजलं, पण पटलं नाही. दोन्हींत फरक असतो. चाळीस वर्षं मुलांना "मोजमापावर विश्वास ठेवा" शिकवलेल्या माणसाला समोरचा मीटर १.०६ दाखवत असताना मी त्यावर विश्वास ठेवू नका सांगत होतो. मी वाद वाढवला नाही. आम्ही थांबलो.

थांबताना एक गोष्ट मात्र केली. सरांना वही घालून दिली: दर रविवारी सकाळी पायथ्याशी रोध मोजायचा आणि लिहायचा. एसडब्ल्यूआर लिहायचा नाही.

मे महिना

मार्चच्या मध्यात ५३. एप्रिलमध्ये ५५. मेच्या तिसऱ्या आठवड्यात ५८. परसात हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. जमीन वाळली तसं तिचं वहन कमी झालं, आणि तारा आठच असल्यानं परतीच्या प्रवाहाचा मोठा भाग अजून मातीतूनच जात होता. ऋतू बदलला की अँटेना बदलत होता.

त्याच आठवड्यात एक तार तुटली. भेगेच्या दोन्ही काठांवर एकेक स्पोक ठोकलेला होता, मधली तार ताठ होती, भेग रुंदावली आणि तार मधोमध तुटली. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते हे इथल्या प्रत्येक घराच्या पायाला माहीत आहे. आम्ही तारेच्या बाबतीत तो विचार केला नव्हता.

वहीतली ती चढती ओळ सरांनी स्वतः आलेखात काढली आणि जूनमध्ये मला फोन केला. "तू म्हणाला होतास ते मातीचं खरं दिसतंय. पाऊस सरला की घालू बाकीच्या."

दुसरा टप्पा: चोवीस

ऑक्टोबरात, परतीचा पाऊस संपून जमीन लोण्यासारखी असताना काम केलं. पहारीनं तीन-चार सेंटिमीटर खोल चीर पाडायची, तार आत घालायची आणि पायानं दाबायची. खुरप्यापेक्षा पहार बरी, चीर अरुंद राहते. या वेळी तार ताणली नाही, नागमोडी टाकली. आधीच्या आठही उचलून तशाच पुन्हा घातल्या. ड्रेनेज आणि नळाची लाइन कुठून जाते ते सरांनी आधी चुन्यानं आखून दिलं होतं.

जागा अपुरी पडत होती. अण्णांच्या पलीकडचा प्लॉट मोकळा होता आणि मालक सरांच्या ओळखीचे. त्यांनी तोंडी होकार दिला आणि कुंपणाखालून पाच तारा तिकडं गेल्या, मधल्या अण्णांच्या कडेच्या वाफ्यातून. मला ते तेव्हाही फारसं आवडलं नव्हतं, पण लांब तारांना तीच एक दिशा होती.

सोळा तारांवर ४५ ओहम. चोवीसवर ४१. रेझोनन्स थोडा सरकला होता, तो सर्वांत वरची नळी सरकवून जागेवर आणला. चोवीस तारांची सरासरी लांबी साडेपाच मीटर, एकूण १३२ मीटर, म्हणजे तांबं अर्ध्या किलोच्या आतच.

सरांनी मीटर लावला. ५० भागिले ४१. एसडब्ल्यूआर १.२२. जानेवारीत होता तोच.

ते बराच वेळ वही आणि मीटर आळीपाळीनं बघत बसले. जानेवारीत ६१ ओहम, आता ४१. एक ५० च्या वर, एक खाली, दोघांचं ५० शी प्रमाण सारखं, म्हणून मीटरला दोन्ही एकच. जानेवारीच्या ६१ मध्ये निम्मं कर्तृत्व घरात शिरलेल्या केबलचं होतं. आत्ताच्या ४१ मध्ये ३६ हवेत जात होते, सुमारे ८८ टक्के. "म्हणजे हा मीटर मला वर-खाली सांगतच नाही," सर म्हणाले. इतके महिने मी जे समजावत होतो ते त्यांनी एका वाक्यात मांडलं.

३६ वजा करायचं हे गणित ढोबळ आहे, हे नोंदवायला हवं. नळीची जाडी, आजूबाजूची घरं, तारांची संख्या यांनी तो आकडा स्वतःही थोडा हलतो. म्हणून गणितावर न थांबता आम्ही प्रत्यक्ष तुलना केली.

तुलना कशी केली

जो टेलर यांनी २००८ मध्ये आणलेली डब्ल्यूएसपीआर ही पद्धत यासाठी फार उपयोगी आहे. रेडिओ दोन मिनिटांचा क्षीण सिग्नल पाठवतो, जगभरचे रिसीव्हर तो किती डीबीवर (डीबी म्हणजे सिग्नलच्या जोराचं माप) ऐकला ते नोंदवतात. अडचण अशी की आयनोस्फिअर, म्हणजे सिग्नल परत खाली वळवणारा आकाशातला थर, दर रात्री वेगळं. काल आणि आज यांची थेट तुलना निरर्थक. म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका मित्राला संदर्भ म्हणून घेतलं. त्याचा डायपोल, म्हणजे दोन पायांचा तारेचा अँटेना, वर्षभर न हलवलेला. तो आणि सर एकाच रात्री, सारख्या पॉवरवर पाठवायचे आणि एकाच दूरच्या रिसीव्हरनं दोघांना ऐकलं असेल तेवढ्याच नोंदी धरायच्या. ही चाचणी चोक लावल्यावर, तारा नसताना चार रात्री केली होती. ऑक्टोबरात पुन्हा चार रात्री केली.

दोघांतला फरक सरांच्या बाजूनं सरासरी ३ डीबीच्या आसपास सरकला. एकेक नोंद इकडंतिकडं उडत होती, पण मध्य स्पष्ट होता. ८४ वरून ४१ वर येण्याचं गणितही ३.१ डीबीच सांगतं. त्यातले २ डीबी पहिल्या आठ तारांनी दिले, ०.७ पुढच्या आठांनी, ०.४ शेवटच्या आठांनी. ३ डीबी म्हणजे पॉवर दुप्पट, पण एस-मीटरवर फक्त अर्धा एस. रेडियल घातल्यावर जग जवळ येतं अशी वर्णनं वाचून कुणी कामाला लागणार असेल तर हा आकडा आधी बघावा. आमच्याकडं ऐकण्यातली खरी सुधारणा चोकनं दिली.

जे तारांनी सुटलं नाही

संध्याकाळी इंडोनेशिया, जपान, मध्यरात्रीनंतर युरोप अशी स्टेशनं सरांच्या वहीत येऊ लागली. सकाळच्या नेटवर मात्र पुणे अजूनही "चार-चार"च म्हणत होतं.

तेव्हा मी शेवटी बसून हिशोब केला. पुणे इथून सुमारे २५० किलोमीटर. आयनोस्फिअरचा थर ३०० किलोमीटरवर धरला तर सिग्नल जवळजवळ ६७ अंशांच्या कोनात वर जाऊन परत खाली यायला हवा. वर्टिकल आडवा फेकतो. आदर्श जमिनीवरसुद्धा ६७ अंशांवर त्याचा सिग्नल क्षितिजापेक्षा सुमारे १० डीबीनं कमी. शंभर तारा घातल्या तरी तो कोन बदलत नाही.

सरांना हवं काय होतं? किल्लारीसारखी वेळ आली तर लातूर, पुणे, हैदराबाद. जपान त्यांनी कधी मागितलाच नव्हता.

डिसेंबरात गच्चीच्या कोपऱ्यावर बांबू उभा करून साडेसात मीटरवर शेंडा असलेला इन्व्हर्टेड व्ही टांगला. दोन्ही पाय मिळून २० मीटर तार, प्लॉटच्या कर्णावर नीट बसली. टोकं कंपाउंडच्या भिंतीवर हाताला लागणार नाहीत अशी उंच बांधली. एका दुपारचं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्यानं "पाच-नऊ", म्हणजे स्वच्छ आणि जोरदार, दिलं. सरांनी मायक्रोफोन खाली ठेवला आणि स्वयंपाकघराकडं वळून काकूंना ऐका म्हणून हाक मारली.

निष्पत्ती

आता दोन्ही अँटेना आहेत आणि स्विचनं बदलतात. वळवाची चिन्हं दिसली की सर दोन्ही कोॲक्स रेडिओपासून काढून खिडकीबाहेर टाकतात. पुढच्या मेमध्ये, पुन्हा भेगा पडलेल्या असताना, चोवीस तारांवर रोध ४३ होता. आठ तारा असताना तो कोरड्या दिवसांत पाच ओहमनं चढला होता, आता दोननं. तार एकही तुटली नाही.

जूनमध्ये तो मोकळा प्लॉट विकला गेला. नव्या मालकांना तारांचं काहीच माहीत नव्हतं. जेसीबी आला आणि पाचही तारा कुंपणापासून उपटून गेल्या. सरांनी त्याच संध्याकाळी मोजलं: एकोणीस तारा, ४४ ओहम. एक ओहमनं काही बिघडलं नाही, पण अण्णांच्या वाफ्यातला कढीपत्ता त्या ओढाताणीत मुळासकट आला.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला प्रश्न "एसडब्ल्यूआर किती" ऐवजी "कुणाशी बोलायचंय" असा विचारला असता तर इन्व्हर्टेड व्ही फेब्रुवारीतच लागला असता आणि नऊ महिने वाचले असते. वर्टिकल आणि रेडियल त्यानंतर, हौस म्हणून, निवांत झाले असते.

चोक पहिल्याच दिवशी लावायला हवा. त्याशिवाय पायथ्याशी मोजलेल्या कुठल्याही आकड्यात केबल मिसळलेली असते आणि आपण कुणाची परीक्षा घेतोय तेच कळत नाही. रेडिओ दुरुस्तीला पाठवण्याआधी हे केलं असतं तर तो फेरा टळला असता.

आठवर थांबणं चूक होती का, यावर सरांचं आणि माझं आजही एकमत नाही. मला वाटतं त्यात कित्येक महिने गेले. सर म्हणतात, मे महिन्याची ती चढती ओळ स्वतः काढली नसती तर त्यांनी चोवीस तारा कधीच घातल्या नसत्या. माझं गणित तोंडी होतं, वही त्यांची होती. या मुद्द्यावर मी हळूहळू त्यांच्या बाजूला झुकतोय. सोळावर थांबलो असतो तरी चाललं असतं, हे मात्र दोघांनाही मान्य आहे.

दुसऱ्याच्या जागेत तोंडी परवानगीवर तारा नेऊ नयेत. नेल्याच तर जागा विकली जाताना त्या काढून घ्यायची जबाबदारी आपली. नव्या मालकांना सरांनी जाऊन सांगितलं, त्यांनी समजून घेतलं. अण्णांना कढीपत्त्याचं नवं रोप आणून दिलं.

बॉबिनवर अजून बरीच तार शिल्लक आहे. गेलेल्या पाच तारांच्या जागी समोरच्या अंगणात, फाटकाच्या बाजूनं, पाच आखूड तारा घालायचं ठरलंय. सरांनी चुन्यानं नळाची लाइन आखून ठेवलीय, अण्णांनी सळई आणि दोन विटा बाजूला काढल्यात, आणि परतीचा पाऊस उघडायची वाट आहे.